अकराची भरती

घर पाडायचं ठरलं तेव्हा शालूबाईंना वाटलं होतं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, कुठंही निघून जातील. पण त्यांचे यजमान, म्हणजे सुभेदार आकाराम, यांना दुसऱ्याच्या घरातला मुक्काम कधीच मानवला नव्हता. पुण्याला मुलगा होता, राजवर्धन, चौथ्या मजल्यावर. नवं घर उभं राहीपर्यंत दोघांनी आपल्याकडं राहावं असं त्याचं म्हणणं. सुभेदार एकदा जाऊनही आले. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला पहाटे पाचला उठवून कवायत शिकवायला घेतली. आठव्या दिवशी वॉचमन गावाला निघून गेला, आणि सूनबाईचं तोंड बघून शालूबाईंनी आपली पिशवी भरली.

मग सुभेदारांनी गाडी घेतली. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेनं लिलावात काढलेली पिवळी बस. कुपवाडला मुजीब म्हणून गाड्यांची बॉडी बांधणारा कारागीर होता, त्याच्या शेडमध्ये ती महिनाभर उभी राहिली. त्यानं बाकं काढली, एका अंगाला फळ्यांचा दिवाण ठोकला, दुसऱ्या अंगाला शेगडीचा ओटा केला, मागं पाण्याची टाकी बसवून तिला नळ लावला, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं, जिथं पूर्वी मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या बाई बसत असतील, तिथं देव्हारा. शेवटी रंगाचा डबा हातात घेऊन त्यानं विचारलं, खिडक्यांखालची अक्षरं पुसू का? शालूबाई म्हणाल्या, राहू दे. अक्षरं होती, 'हात बाहेर काढू नये.' बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हात बाहेर काढला नव्हता. निदान आता तसं लिहिलेलं तरी होतं.

लोकांनी नावं ठेवली. सुभेदार म्हातारपणी शाळेत जायला लागला, असं वडूजच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, आणि ते शालूबाईंच्या कानापर्यंत बरोबर आलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. कारण एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या बसमध्ये त्या सुखात होत्या.

सुभेदारांची अठ्ठावीस वर्षं फौजेत गेली, गाड्या चालवण्यात. तेवढी वर्षं शालूबाई गावाकडं. सासू, दोन दीर, जावा आणि गुरं यांच्यात. नवरा वर्षाकाठी दोन महिने, तोही पाहुण्यासारखा. पेन्शनीत आला तर आल्या दिवसापासून गावच्या पोरांचा झाला. पहाटे पाचला माळावर शिट्टी वाजायची, आणि पंधरा-वीस पोरं सैन्यभरतीसाठी पळायला लागायची. संध्याकाळी तीच पोरं अंगणात कागदपत्रं पसरून बसायची. चहा शालूबाईंचा. थोडक्यात, दोघंच असं घर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते आता बघितलं, चाकांवरचं का होईना. बशीत चहा ओतून पिताना हा माणूस डोळे मिटतो, हे त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

राजवर्धननं मात्र बजावून ठेवलं होतं. "आई, एक जरी भानगड झाली ना, तर गाडी इकून टाकनार आनि तुमाला दोघास्नी हितं घिऊन येनार. मग मी कुनाचं ऐकायचो न्हाई." तो बोलल्याप्रमाणं करणारा मुलगा होता, बापावर गेलेला. म्हणून पाच महिने शालूबाई रोज देवापुढं दिवा लावताना एवढंच म्हणत, भानगड नको.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी, एकादशीला, गाडी कुंभार्ली घाटातनं कोकणात उतरली. समुद्र दिसला तेव्हा शालूबाई बघतच राहिल्या. एवढं पाणी आणि कुणी कुलूप लावलेलं नाही, राखणीला बसलेलं नाही. सुभेदारांनी समुद्राकडं बघितलंच नाही. ते वाळूकडं बघत होते. पाणी ओसरून गेलेलं होतं आणि ओली, घट्ट, सपाट वाळू पार त्या टोकापर्यंत पसरली होती.

"मैदान बघ," ते म्हणाले. "येकाच वेळंला दोन हजार पोरं पळत्याल हितं."

सुरूच्या झाडांच्या पुढं, उताराच्या उघड्या वाळूवर, समुद्राकडं तोंड करून त्यांनी गाडी लावली. मागं पन्नासेक पावलांवर, झाडांच्या सावलीत, एक चहाची टपरी होती. शालूबाईंनी तिथं जाऊन विचारलं, "पानी कुठं मिळंल, बाई?" तशी टपरीवाली हातातलं भांडं टाकून बाहेरच आली.

"तुमी आमच्याकडच्या दिसताय," ती म्हणाली. "चाळीस वर्सांत हितं कुनी 'मिळंल' म्हनलं न्हाई मला."

ती नूरजहां. माहेर तासगावचं, बाप गाद्या भरणारा. होडीवाल्याशी लग्न होऊन इकडं आलेली. घरात ती सासरचं बोलायची, गिऱ्हाइकांशी इथलं, पण शालूबाई दिसल्या की तासगावचं बोलायची आणि बोलताना मान डोलवायची. दोघींचं दोन दिवसांत गूळपीठ जमलं. शालूबाई तिला भाभी म्हणत, ती यांना आक्का म्हणे.

रोज सकाळी शालूबाईंनी एक उद्योग लावून घेतला होता. गावाकडं विहिरीच्या पायऱ्या मोजायची त्यांना जन्माची सवय. चैत्रात रोज एक पायरी उघडी पडायची आणि रोज काळजाचा एक ठोका चुकायचा. इथं पायऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांनी नारळाच्या करवंट्या घेतल्या. पाणी जिथपर्यंत येऊन गेलेलं दिसे, तिथं एक करवंटी पालथी घालायची. पहिली करवंटी गाडीपासून पार लांब होती. दुसरी जरा अलीकडं. तिसरी त्याहून अलीकडं.

खटावच्या बाईला पाणी जवळ येताना दिसलं की काय वाटेल? आनंदच वाटणार. कुणी कोकणातली असती तर तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला गाडी हलवायला लावली असती. शालूबाईंनी चहा देता देता समाधानानं सांगितलं, "आवं, पानी वाढाय लागलंय."

"वाढू दे की," सुभेदार म्हणाले. "आपल्याकडं न्हाई वाढत, हितं तरी वाढू दे."

चतुर्दशीला सकाळी शालूबाई नळावर गेल्या होत्या. तेवढ्यात नूरजहां गाडीपाशी आली आणि सुभेदारांना म्हणाली, "सुभेदारसाब, उद्या अकरा वाजता लय मोठी भरती हाय. गाडी काढून घ्या हितनं."

आता, आपल्याकडच्या माणसापुढं 'भरती' हा शब्द उच्चारून बघा. त्याच्या डोळ्यांपुढं समुद्र येत नाही. रांग येते. छातीला लावलेला टेप येतो, सोळाशे मीटर पळणं येतं, दाखल्यांची फाईल येते. शाळेत भरती-ओहोटी त्यानंही वाचलेली असते, पण ती परीक्षेपुरती. त्यातून सुभेदारांनी उभं आयुष्य दुसऱ्याच भरतीत घातलेलं. हेच एखाद्या कोकण्यानं त्याच्या हेलात सांगितलं असतं तर त्यांनी दोनदा विचारून घेतलं असतं. पण सांगणारी तासगावची. आपल्याच बोलीतलं आपल्याला कळलं नाही, असं कुणाला वाटतं?

तरी सुभेदार खात्री केल्याशिवाय हलणारे नव्हते. ते वाटेवरच्या गंजलेल्या फलकापाशी गेले. फलकावर लिहिलं होतं, 'भरतीच्या वेळी येथे वाहने उभी करू नयेत. हुकमावरून.' झालं. शंकेला जागाच राहिली नाही. भरती म्हटली की गर्दी आली, गर्दीत वाहनं नकोत, आणि खाली हुकूम. त्यांनी तिथूनच जयराजला फोन लावला.

जयराज म्हणजे त्यांच्या पोरांचा म्होरक्या. पळण्यात एक नंबर, पण दोनदा मेडिकलला अडकलेला. आता भरतीच्या वयाचे तीन महिने उरले होते.

"आण्णा, साईटवर तर कायच न्हाई," जयराज म्हणाला.

"साईटवर सगळं नसतंय, गड्या. समुद्र हाय म्हंजी नेव्हीची आसंल, न्हाईतर कोस्ट गार्डची. मी जाग्यावर उभा हाय. बोर्ड लागलाय. फाईली घ्या, बुटं घ्या, आन सकाळच्याला हितं हजर ऱ्हावा."

गाडी हलवायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला, नाही असं नाही. पण त्याचं उत्तर सोपं होतं. गाड्या काढायच्या त्या सिव्हिलियन लोकांनी. फौजी माणसाला कोण उठवणार?

संध्याकाळी ते छातीची पदकं घासत बसले तेव्हा शालूबाईंनी विचारलं, "कुनाचं लगीन हाय?"

"उद्या पोरं यायची हायत. हितं भरती हाय."

"हितं? समुद्रावर?"

"मैदान बघितलं न्हाईस का? म्हनून तर."

शालूबाईंच्या मनात कुठंतरी काहीतरी खुपलं. चौथीतल्या बाई, भिंतीवरचा नकाशा, आणि सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलेलं काहीतरी. पण चौदा पोरं येणार म्हटल्यावर चौदा पोरांचा चहा आला, नाश्ता आला, आणि ते खुपणारं कुठल्या कुठं गेलं. कोजागिरीसाठी म्हणून त्यांनी दूध सांगून ठेवलं होतं, त्यात आणखी वाढवून सांगितलं.

पोरं साडेआठला आली. कुणाच्या तरी पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून, घाटात दोघांना ओकाऱ्या होऊन, पण आली. उतरल्या उतरल्या समुद्र बघून सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. सुभेदारांनी ब्लेझर घातला होता, पदकं लावली होती, गळ्यात शिट्टी होती. त्यांनी दोन मिनिटं समुद्र बघू दिला आणि मग शिट्टी वाजवली. पोरांनी रांग धरली. हातात फाईली, पायात बूट, पोटात काही नाही.

शालूबाई करवंटी बघायला म्हणून गाडीपुढं गेल्या आणि थांबल्या. कालची करवंटी जागेवर नव्हती. परवाचीही नव्हती. वाळू ओली होती, आणि ओल्या वाळूची कड गाडीच्या पुढच्या चाकापासून दोन वितींवर येऊन थांबलेली होती. रात्री, दोघं झोपेत असताना, पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं होतं. आणि आता ते पुन्हा निघालं होतं, सावकाश, पण निघालं होतं.

त्याच क्षणी चौथीतल्या बाई आठवल्या. सगळा वर्ग म्हणत होता, भरती आणि ओहोटी, भरती आणि ओहोटी.

त्या मागं वळल्या. त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. ते रांगेपुढून फिरत होते, कुणाची कॉलर नीट करत होते, कुणाला नखं दाखवायला सांगत होते. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही, हे शालूबाईंच्या अंगात इतकं मुरलेलं की त्या तिथं काही बोलल्या नाहीत. त्या तरातरा टपरीकडं गेल्या.

"भाभी, आज भरती हाय म्हंजी काय हाय?"

नूरजहां स्टोव्ह पेटवत होती. "काय हाय म्हंजी? भरती हाय. पुनवंची. काल सांगितलं की तुमच्या मालकास्नी, गाडी काढा म्हनून. काढली न्हाई व्हय?" तिनं मान वर केली आणि तिला रांग दिसली. "ही पोरं कशाला आनल्यात?"

"भरतीला," शालूबाई म्हणाल्या.

नूरजहांनं तोंडावर हात ठेवला. हसावं की रडावं तिला कळेना. "या खुदा. मला याद बी न्हाई ऱ्हायलं गं, आपल्याकडं भरती कशाला म्हंत्यात."

आता पर्याय नव्हता. परत येताना ती पन्नास पावलं शालूबाईंना लांब वाटली. एक मन म्हणत होतं, यांना बाजूला बोलवावं, हळूच सांगावं. पण बाजूला बोलवायला, समजावायला, त्यांनी नाही म्हणायला, पुन्हा समजावायला वेळ लागतो, आणि पाणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. त्या रांगेपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ही भरती पान्याची हाय. मानसांची न्हाई."

रांगेतली डोकी समुद्राकडं वळली. सुभेदारांनी बायकोकडं बघितलं, मग फलकाकडं, मग समुद्राकडं. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी समुद्राकडं नीट बघितलं असेल. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यातलं रक्त उतरलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात एक लाट आली, फेसाची कड गाडीच्या पुढच्या चाकाला लागली आणि परत गेली.

सुभेदार धावले. गुडघे गेलेला माणूस, पण धावले. गाडी एका हाकेत चालू झाली, त्यांनी मागचा गिअर टाकला, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरली. पाच दिवस एका जागी उभी राहून ती वाळूत रुतली होती. पुन्हा प्रयत्न केला तर आणखी खाली गेली. दहा वाजत आले होते. पाण्याची वेळ अकराची.

"सामान काढा," सुभेदार खिडकीतनं ओरडले. "जयराज, आदी देव काढ, मग पेटी. सगळं भायेर घ्या. गाडी जाऊ दे."

दोन पोरं दाराकडं धावली. दारात शालूबाई आडव्या उभ्या होत्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "येक वाटी बी भायेर काढायची न्हाई."

"आगं, पानी आलंय."

"येऊ दे. सामान भायेर पडलं म्हंजी घर मोडलं. ह्या वर्सात माझं घर येकदा मोडलंय, दुसऱ्यांदा न्हाई मोडू देनार मी." त्यांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "तुमी गाडी चालवा. तेवढं येतंय न्हवं तुमास्नी? चौदा जवान हायत हितं. ती शिट्टी द्या हिकडं."

शालूबाई पुढून फिरून खिडकीखाली आल्या, तशी सुभेदारांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि खिडकीतनं हात बाहेर काढून ती बायकोच्या हातात दिली.

पुढचं सगळं भराभर झालं. जयराजनं मागच्या चाकांतली थोडी हवा सोडली. वाळूत मऊ चाक धरतं, हे त्याला सुभेदारांनीच शिकवलं होतं. पोरांनी फाईली पिकअपमध्ये फेकल्या, बूट काढले आणि हातांनी, टपरीतल्या ताटांनी, परातींनी चाकांमागची वाळू उपसली. नूरजहां सुकलेल्या झावळ्यांचा भारा ओढत आली, वर जुनं जाळं. झावळ्या चाकांखाली सारल्या, जाळं त्यांच्यावर. तिच्या नवऱ्याच्या होडीचा जाड दोर गाडीच्या मागं बांधला. सात पोरांनी झाडांच्या बाजूनं दोर धरला, सात पोरं पुढून, गुडघाभर पाण्यात उभी राहून, गाडीच्या तोंडाला खांदा लावून तयार झाली. आणि शालूबाई लुगडं खोचून बाजूला उभ्या राहिल्या, जिथं त्या सुभेदारांना आरशात दिसतील आणि पोरांना डोळ्यांनी.

तेरा-चौदा वर्षं त्यांनी रोज पहाटे ती शिट्टी अंथरुणातनं ऐकली होती. कधी आखूड, कधी लांब, कुठल्या शिट्टीला पोरं उठतात आणि कुठल्या शिट्टीला पळतात, सगळं पाठ होतं. त्यांनी एक आखूड शिट्टी दिली. पोरांचे खांदे ताठ झाले. मग त्यांनी लाटेकडं बघितलं. लाट आली, गाडीचं तोंड जरासं हललं, आणि लाट परतायच्या आत त्यांनी लांब शिट्टी फुंकली.

चाकं फिरली. झावळ्या करकरल्या. गाडी वीतभर मागं आली आणि पुन्हा बसली.

दुसऱ्यांदा हातभर आली आणि बसली. दोर धरणारी दोन पोरं पालथी पडली. पाणी आता गाडीच्या पहिल्या पायरीला लागत होतं. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजत होती. आरशात सुभेदारांचे डोळे बायकोवर होते, आणि त्या डोळ्यांत हुकूम नव्हता, विचारणं होतं.

शालूबाईंनी घाई केली नाही. दोन लाटा त्यांनी जाऊ दिल्या. तिसरी मोठी होती, ती लांबूनच दिसली. ती गाडीच्या पोटाखाली शिरली तेव्हा त्यांनी सगळा श्वास शिट्टीत घातला.

गाडी उठली. उठली आणि मागं सुटली ती थेट सुरूच्या झाडांखाली, वाळलेल्या काड्यांच्या गादीवर जाऊन थांबली. दोर ओढणारी पोरं उड्या मारत बाजूला झाली. सुभेदारांनी इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिले.

शालूबाई पाण्यातनं बाहेर आल्या, गाडीच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. छातीवरून दगड उतरावा तसं झालं होतं. त्यांनी आत डोकावून बघितलं. ओट्यावरचा चहाचा डबा लवंडला होता, बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. देवसुद्धा. बाहेर, जिथं पाच दिवस गाडी उभी होती, तिथं अकराच्या सुमाराला माणसाच्या कमरेएवढं पाणी होतं.

सुभेदार खाली उतरले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ओल्या, वाळूनं माखलेल्या पोरांपुढं उभे राहिले. पोरांनी सवयीनं पुन्हा रांग धरली.

"चूक माजी झाली," ते म्हणाले. "तुमास्नी झोपंतनं उठवून हितवर आनलं. जयराज, तुजे तर तीनच म्हैनं ऱ्हायल्यात. तू काय काय मनात धरून आला आसशील." 

जयराज केसांतली वाळू झटकत होता. "आण्णा, खरं सांगू का?" तो म्हणाला. "रातच्याला गाडीत बसल्यापास्नं पोटात गोळा हुता. घाटात त्या दोघांनी वकलं, मला ते बी जमंना. हितं नुस्तं पानी हाय म्हनल्यावर इतकं बरं वाटलं मला. पयल्यांदाच कुठंतरी गेलो आन नापास न्हाई झालो."

 सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

"जावा," ते शेवटी म्हणाले. "अंघोळ करा. पर लय आत जायाचं न्हाई. ह्या भरतीचं मी तुमास्नी काय शिकवलेलं न्हाई."

पोरं ओरडत पाण्यात घुसली. शालूबाईंनी कोजागिरीचं सगळं दूध चहाला घातलं, आणि नूरजहांनं टपरीतले सगळे पेले आणले. तिला मधेच आठवण यायची आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. "आक्का, दुसऱ्या खेपंला तुमच्या मालकास्नी म्या पान्याची भरती आसंच सांगनार," ती म्हणाली. सुभेदारांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात फोन वाजला. राजवर्धन. जयराजनं पाण्यातली पोरं स्टेटसला टाकली होती आणि ती पुण्याला पोचली होती.

"आई, तिथं काय चाललंय? पोरं कशी काय तिथं? भानगड झाली का काय?"

"भानगड कशाची? भरती हुती. अकराची. झाली आता."

"भरती? मग कोन लागलं का?"

शालूबाईंनी बसकडं बघितलं. ती सावलीत उभी होती, पाण्याचा थेंब थेंब गाळत. पायरीवर सुभेदार बशीत ओतलेला चहा डोळे मिटून पीत होते.

"लागलं की," त्या म्हणाल्या. "मी लागले."

पोरगा काही विचारणार होता, पण चहा उतू चालला होता, म्हणून त्यांनी फोन ठेवला. शिट्टी अजून त्यांच्याच गळ्यात होती, आणि सुभेदारांनी ती परत मागितली नाही.